हळूच, मुकाट्याने, बिनबोभाट

इंग्रजी भाषेत ‘क्वायटली’ असे एक लहानसे क्रियाविशेषण आहे. गाजावाजा न करता, कोणाच्या डोळ्यांवर येऊ न देता, किंवा नुसते तोंड मिटून केलेल्या कोणत्याही कृतीला ते खुशाल जोडता येते. आई निजलेल्या मुलाच्या अंगावर ‘क्वायटली’ पांघरूण घालते. चोर खिडकीतून ‘क्वायटली’ आत उतरतो. कारकून साहेबांची बोलणी ‘क्वायटली’ ऐकून घेतो. कोणी सज्जन ‘क्वायटली’ देणगी देतो. आणि एखादे सरकार एखादा नियम ‘क्वायटली’ बदलून टाकते. पाच माणसे, पाच कृत्ये, पाच निराळ्या वृत्ती. आणि शब्द एकच. हीच पाच वाक्ये आपल्यापैकी कोणालाही मराठीत सांगायला लावली, तर तो न अडखळता पाच निराळे शब्द वापरील. आई पांघरूण हळूच किंवा अलगद घालील, चोर चोरपावलांनी उतरेल, कारकून मुकाट्याने ऐकून घेईल, सज्जन गाजावाजा न करता देईल, आणि सरकारविषयी बोलताना बहुतेकांच्या तोंडून ‘गुपचूप’ हा शब्द निघेल.

इथपर्यंत ही नुसती शब्दांची मौज आहे. पण गेल्या पावणेदोनशे वर्षांत या शब्दांचा एक इतिहास घडला आहे. तो सनावळ्यांत आणि लढायांत सापडत नाही. तो कोशांत, भाषांतरांत, दस्तऐवजांत आणि वर्तमानपत्रांच्या रकान्यांत विखुरलेला आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून असल्या किरकोळ दिसणाऱ्या विषयांनाही वसंतातल्या संध्याकाळी जागा मिळत आली आहे, म्हणून आम्ही हे धाडस करीत आहो.

प्रथम त्या इंग्रजी शब्दाचे कुळ पाहू. ‘क्वायट’ हा शब्द लॅटिन ‘क्वायेटस’ या शब्दापासून आला. त्याचा अर्थ विसावलेला, स्वस्थ झालेला. आवाजाशी त्याचा मुळात फारसा संबंध नव्हता. इंग्लंडच्या राजाच्या खजिन्यात जुन्या काळी एखाद्याचा हिशेब चुकता झाला की त्यावर लॅटिनमध्ये शेरा मारीत, ‘क्वायेटस एस्ट’. म्हणजे हा आता मोकळा झाला, याच्याकडे काही येणे राहिले नाही. ‘क्विट’ म्हणजे सोडणे आणि ‘अक्विट’ म्हणजे दोषमुक्त करणे, हे शब्दही त्याच मुळाचे. देणे फिटले की मागे लागलेले लोक गप्प होतात, हा अनुभव सर्व देशांत सारखाच असावा. त्यामुळे ऋणमुक्ती, स्वस्थता आणि शांतता या तिन्ही कल्पना त्या एका शब्दात राहिल्या. शेवटी जो ‘ली’ लागतो, त्याचे मूळ जुन्या इंग्रजीतल्या ‘लीक’ या शब्दात आहे, आणि त्याचा अर्थ शरीर किंवा आकार. म्हणजे ‘क्वायटली’ हा शब्द अक्षरशः उलगडला तर ‘स्वस्थ अंगाने’ असा काहीसा होईल.

आता आपल्याकडे वळू. ‘हळू’ हा शब्द संस्कृत ‘लघु’ यापासून आला. लघुचे प्राकृतात ‘लहु’ झाले, आणि मग अक्षरांची अदलाबदल होऊन ‘हलु’ आणि ‘हळू’. ‘हलका’ हाही त्याच घरातला. म्हणजे ‘हळू’चा मूळ अर्थ वजनाला कमी असा. जे हलके आहे ते जोराने आदळत नाही, म्हणून ते आवाज करीत नाही, म्हणून ते सावकाशही असते, अशा पायऱ्यांनी तो शब्द आजच्या अर्थाला येऊन पोचला. परंतु खरी गंमत त्याला लागणाऱ्या एका ‘च’मध्ये आहे. ‘हळू चाल’ म्हटले की वेगाची गोष्ट झाली. ‘हळूच निघून गेला’ म्हटले की वेगाचा संबंध सुटला. तो धावत गेला असला तरी चालेल, कोणाच्या लक्षात आला नाही एवढेच महत्त्वाचे. एका अक्षराने क्रियाविशेषणाचे तोंड पायांकडून पाहणाऱ्यांच्या डोळ्यांकडे फिरवले.

‘मुकाट्याने’ हा शब्द ‘मूक’ यावरून आला हे उघड आहे. पण जन्मतः मुका असलेला माणूस काही मुकाट्याने करीत नाही. मुकाट्याने करायला आधी बोलता यावे लागते, आणि बोलू नकोस असे सांगणारा, किंवा ज्याच्यापुढे बोलून उपयोग नाही असा, कोणीतरी समोर असावा लागतो. ‘मुकाट्याने जेव’ असे आई मुलाला दरडावते. ‘निमूटपणे’ त्याचाच भाऊ. पण आज्ञेत तो सहसा येत नाही. ‘निमूटपणे जेव’ असे कोणी म्हणत नाही. ‘तिने निमूटपणे सोसले’ असे मात्र म्हणतात, आणि म्हणणाऱ्याच्या आवाजात कणव असते. खेड्यापाड्यांत याच ठिकाणी ‘गुमान’ येतो: ‘गुमान घरी जा.’ त्यात दरडावणी आहे, आणि दरडावण्यातली थोडी मायाही आहे.

‘गुपचूप’ हा जोडशब्द. त्यातला ‘गुप’ गुप्ताचा, आणि ‘चूप’ गप्प बसण्याचा. येथेही दुसरा माणूस हवा. ज्याला कळू द्यायचे नाही असा. ‘बेमालूम’ फार्सी दरबारातून आला: ‘मालूम’ म्हणजे ठाऊक, ‘बे’ म्हणजे नसलेला. कुशल शिंप्याने फाटका कोट बेमालूम रफू केला, म्हणजे पाहणाऱ्याला सांधा दिसला नाही. ‘बिनबोभाट’ म्हणजे ज्याचा बोभाटा झाला नाही असे. तिथे एक अख्खी गल्ली, एक अख्खे गाव त्या शब्दाच्या मागे उभे असते, ज्याने ओरड करायला हवी होती आणि केली नाही.

हे सारे शब्द शेजारी ठेवून पाहिले की एक गोष्ट आमच्या ध्यानात येते. मराठीतले आवाज न करण्याचे शब्द एकट्या कर्त्याचे वर्णन करून थांबत नाहीत. ते वाक्यात दुसऱ्या माणसाला ओढून आणतात. कोणापासून लपवले, कोणाला भिऊन केले, कोणाची झोप मोडू नये म्हणून केले, याचे उत्तर शब्दातच दिलेले असते. इंग्रजी ‘क्वायटली’ तेवढे सांगत नाही. वाक्याच्या मागच्यापुढच्या संदर्भावरून ते ओळखायचे असते. एका परीने ती त्या शब्दाची सोय आहे. आणि ती सोय कोणाकोणाच्या उपयोगी पडते ते आपण पुढे पाहूच.

घरातलेच एक उदाहरण घ्या. लेक माहेरपण संपवून सासरी निघाली आहे, आणि आई तिच्या हातात शंभराची नोट ठेवते. ‘आईने नोट हळूच तिच्या हातात ठेवली’ असे म्हटले की तेथे माया आणि थोडा संकोच आहे. ‘गुपचूप ठेवली’ म्हटले की घरात एक सून उभी राहिली, किंवा एक चिक्कू बाप. ‘मुकाट्याने ठेवली’ म्हटले की लेकीने पैसे मागितले होते आणि त्यावरून काही बोलणे झाले होते. ‘शांतपणे ठेवली’ असे लिहिले तर? तर ती आई बँकेतल्या खिडकीमागे बसलेली रोखपाल वाटते. नोट तीच, हात तेच. सगळे घर एका क्रियाविशेषणाने बदलते. कथाकाराला हे माहीत असतेच. पण स्वयंपाकघरात बोलणाऱ्या बाईलाही ते माहीत असते, आणि तिने कोश उघडलेला नसतो.

किंवा आपली लोकलगाडी पाहा. सकाळच्या गर्दीत तिघांच्या बाकावर चौथा माणूस बसतो. तो हळूच बसतो; म्हणजे आधी नजरेने विचारतो, मग अर्धे अंग टेकवतो. पहिले तिघे सरकतात ते मात्र निमूटपणे. एकाच बाकावर दोन प्रकारचे मौन बसलेले असते.

अशी ही संपत्ती प्रथम मोजून लिहिण्याचे काम एका परक्याने केले, हे आपण विसरता कामा नये. कॅप्टन जेम्स थॉमस मोल्सवर्थ याचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली प्रसिद्ध झाला. त्याच्या आधी दोनच वर्षे, 1829 मध्ये, शास्त्रीमंडळींनी रचलेला मराठीचा मराठी कोश बाहेर पडला होता. मोल्सवर्थच्या हाताशी मराठी पंडित होते, आणि जॉर्ज व थॉमस कँडी हे जुळे भाऊ होते. 1857 च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे 60,000 शब्द आहेत. मोल्सवर्थचा मोठेपणा असा की त्याने ग्रंथातलेच शब्द घेतले नाहीत. बाजारातले, शेतातले, बायकांच्या बोलण्यातले, प्रसंगी शिवीगाळीतलेही घेतले, आणि तसे का घेतले याचा प्रस्तावनेत हिरिरीने खुलासा केला. पटकन, गटकन, टचकन असले ध्वनीवरून झालेले शब्द त्याने किती आस्थेने गोळा केले आहेत ते पाहिले की या गोऱ्या लष्करी अधिकाऱ्याचे कान किती तिखट होते याची खात्री पटते.

हा झाला मराठीकडून इंग्रजीकडे जाणारा रस्ता. उलटा रस्ता, म्हणजे इंग्रजी-मराठी कोश, 1847 साली निघाला. मोल्सवर्थ प्रकृती बिघडल्यामुळे 1836 मध्ये स्वदेशी गेला होता, तेव्हा हे काम थॉमस कँडीने तडीस नेले. दोन्ही रस्त्यांवरची रहदारी सारखी नसते, हे येथे सांगितले पाहिजे. मराठी-इंग्रजी कोशात ‘मुकाट्याने’ला आपली जागा असते, ‘हळूच’ला आपली, ‘बिनबोभाट’ला आपली. इंग्रजी-मराठी कोशात मात्र एका इंग्रजी शब्दाच्या दाराशी या सगळ्यांना ओळीने उभे राहावे लागते. आणि घाईत असलेला भाषांतरकार ओळीतल्या कोणत्याही एकाला हात धरून घेऊन जातो.

आणि भाषांतर घाईत होऊ लागले. कँडीकडे पुढे सरकारी मराठी भाषांतराचे काम आले, शाळांची क्रमिक पुस्तके त्याच्या नजरेखालून जाऊ लागली. मराठीत विरामचिन्हे रुळवणारा तोच. 1836 साली दादोबा पांडुरंगांचे व्याकरण निघाले होते, ते मुलांच्या हाती पडले. कायदे, परिपत्रके, शाळेतले धडे, बायबलच्या कथा, सारे इंग्रजीतून मराठीत येऊ लागले. 1874 मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमाला सुरू केली, तीच मुळी मराठीच्या तत्कालीन स्थितीची चिकित्सा करीत. इंग्रजीच्या साच्यात मराठी वाक्य ओतले जात आहे हे त्यांना स्पष्ट दिसत होते. त्यांचा रोख मोठ्या दोषांवर होता. क्रियाविशेषणासारख्या बारीक चाकाकडे तेव्हा फारसे कोणाचे लक्ष गेले नाही, आणि त्याबद्दल त्यांना दोष देण्याचे कारण नाही.

या बारीक चाकाचे नाव ‘पणे’. मोरो केशव दामल्यांचे मोठे व्याकरण 1911 साली निघाले, त्यात क्रियाविशेषणांच्या जाती पद्धतशीर दिलेल्या आहेत. आमचे शब्द रीतिवाचक या जातीतले. पण जात सांगून घडण कळत नाही. मराठी ही रीत किती वाटांनी दाखवते ते पाहा. ‘चोरपावलांनी’, ‘मुकाट्याने’, येथे नामाला विभक्ती लागली. ‘लपतछपत’, ‘दबकत’, येथे धातूचे रूप आले. ‘आवाज न करता’, ‘कोणाला न सांगता’, येथे नकार आला. पुष्कळदा तर क्रियाविशेषण लागतच नाही, क्रियापदच ते काम करून टाकते: निसटला, सटकला, पसार झाला, काढता पाय घेतला. इंग्रजीत ‘ली’ हा सर्वत्र लागणारा प्रत्यय आहे, म्हणून त्याला उत्तर देणारा सर्वत्र लागणारा मराठी प्रत्यय भाषांतरकाराला हवा होता. ‘पणे’ त्याला सापडला. तो काही परका नव्हे, निमूटपणे या शब्दात तो आपल्या घरचाच आहे. परंतु विशेषणाला ‘पणे’ लावले की इंग्रजी शब्दाचे ऋण फिटले, अशी सवय एकदा लागली ती लागलीच. त्या सवयीतून ‘क्वायट’ म्हणजे शांत, आणि ‘क्वायटली’ म्हणजे शांतपणे, हे समीकरण पक्के झाले.

या समीकरणाने इतिहास सांगून पाहा. 17 ऑगस्ट 1666 रोजी शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले. इंग्रजीत कोणी लिहील की ते पहाऱ्यातून ‘क्वायटली’ बाहेर पडले, आणि ते वाक्य चुकीचे नाही. पण मराठीत ‘महाराज शांतपणे बाहेर पडले’ असे लिहिणाऱ्याला शाळेतले पोरही हसेल. आपण काय म्हणतो? औरंगजेबाच्या हातावर तुरी देऊन निघून गेले! त्या एका वाक्प्रचारात पहारेकरी आला, त्याचा पसरलेला मोकळा हात आला, त्याची फजिती आली, आणि ऐकणाऱ्याचे हसूही आले. येथे दुसरा माणूस नुसता सूचित नाही, तो गोष्टीतले निम्मे पात्र आहे.

‘शांतपणे’ या शब्दावर आमचा राग आहे असे मात्र कोणी समजू नये. त्याची म्हणून एक जागा आहे, आणि ती फार उंच आहे. कांजूरच्या पूर्वेस खाडीच्या अंगाला मिठागरे आहेत, म्हणून मिठाचाच दाखला देतो. 1930 च्या मे महिन्यात कोकणात शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला. मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांवर त्याच सुमारास लोकांच्या झुंडी चालून गेल्या. गुजरातेत धारासण्याला 21 मे रोजी सुमारे अडीच हजार स्वयंसेवक सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली मिठाच्या आगारावर गेले. पोलिसांच्या लोखंडी टोकाच्या लाठ्या डोक्यांवर पडत होत्या आणि एकही हात वर उचलला जात नव्हता. अमेरिकन वार्ताहर वेब मिलर तेथे हजर होता, आणि त्याने पाठवलेल्या हकिगतीने जगभर खळबळ उडाली. ते स्वयंसेवक कसे पुढे गेले? ‘मुकाट्याने’ म्हणवत नाही, कारण त्यांनी कोणाचे ऐकून तोंड मिटले नव्हते. ‘निमूटपणे’ म्हटले तर त्यांचा अपमान होईल. ‘गुपचूप’ तर नाहीच; गांधीजींनी धारासण्याच्या बेताची सूचना व्हाइसरॉयला पत्राने आधीच कळवली होती. ते शांतपणे पुढे गेले. मनाचा तोल स्वतःच्या हाती ठेवून, उघड्यावर, परिणाम जाणून जो वागतो, त्याच्यासाठी हा शब्द आहे. त्यात दुसऱ्या माणसाची भीती नाही आणि त्याच्यापासून चोरीही नाही. म्हणूनच तो शब्द चोराला, कारकुनाला आणि नियम बदलणाऱ्या खात्याला सारखाच वाटून टाकला की आम्हांस वाईट वाटते.

रानड्यांचे नाव वर आलेच आहे. त्यांच्या पत्नी रमाबाईंनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक 1910 साली प्रसिद्ध केले. इंग्रजी शिकते म्हणून घरातल्या वडीलधाऱ्या बायकांची किती बोलणी ऐकून घ्यावी लागली, ते त्यांनी त्यात सांगितले आहे. त्या उलट उत्तर देत नसत. बाहेरून पाहणाऱ्याने म्हटले असते, मुकाट्याने सोसतात. पण दुसऱ्या दिवशी धडा पुन्हा चालूच! त्या काळच्या कितीतरी स्त्रियांचे मौन हे वरून ‘निमूटपणे’ आणि आतून ‘शांतपणे’ असे दुहेरी विणीचे होते. इंग्रजी चरित्रकार ‘क्वायटली’ एवढेच लिहून मोकळा होईल. मराठी चरित्रकाराला शब्द निवडावा लागेल, आणि निवडताना त्या घराविषयी आपले मत काय, हे उघड करावे लागेल.

आता थोडे कायद्याकडे. श्रोत्यांपैकी ज्यांनी भाडेपट्टे इंग्रजीत वाचले असतील, त्यांना ‘क्वायट एन्जॉयमेंट’ हे शब्द आठवतील. भाडेकरूने भाडे वेळेवर दिले तर मुदतीपर्यंत त्याला जागेचा उपभोग कोणाची आडकाठी न येता घेता येईल, असा त्याचा अर्थ. घरात आवाज करू नये असा नव्हे. येथे तो जुना लॅटिन अर्थ, स्वस्थतेचा, अजून जिवंत आहे. आमच्या दस्तऐवजांच्या मराठीने यासाठी ‘बिनहरकत’, ‘बिनतक्रार’, ‘निर्वेध’ असे शब्द ठेवले. हेही पाहा की ‘हरकत’ आणि ‘तक्रार’ म्हटले की हरकत घेणारा आणि तक्रार करणारा आलाच. आपली ही साष्टी 1737 पासून 1774 पर्यंत मराठ्यांकडे होती, मग इंग्रजांकडे गेली. राज्य बदलले, पण कागदांतले हे अरबी-फार्सी वळणाचे शब्द टिकून राहिले. आजही खरेदीखतात ते जसेच्या तसे भेटतात.

कायद्याने तर याहून पुढची गोष्ट ओळखली आहे. दुसऱ्याच्या जमिनीतून वीस वर्षे जा-ये केली तर वाटेचा हक्क मिळतो, असे 1882 च्या सुविधाधिकारांच्या कायद्यात आहे. मुंबई इलाख्याला तो 1891 मध्ये लागू झाला. पण ती जा-ये कशी असली पाहिजे? शांततेने आणि उघडपणे, असे दोन शब्द त्या कलमात जोडीने घातलेले आहेत. रोमन कायद्याचे जुने सूत्र हेच सांगते: बळजबरीने नको, चोरून नको, परवानगी मागूनही नको. नुसते ‘शांततेने’ म्हटले असते तर रात्री कुंपणाखालून जाणाराही म्हणाला असता, मी कोठे दंगा केला? म्हणून ‘उघडपणे’ हा पहारेकरी शेजारी उभा करावा लागला. आमच्या स्वयंपाकघरातली बाई ‘हळूच’ आणि ‘गुपचूप’ यांत जो भेद करते, तोच भेद करायला कायद्याला दुसरा शब्द जोडावा लागला, एवढेच आम्हांस दाखवायचे आहे.

जमिनीचा विषय निघाला की कांजूरमार्गच्या माणसाचे कान टवकारतात, आणि ते योग्यच आहे. या जमिनीवरून फार मोठा आवाज करीत इतिहास गेला आहे. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून एकवीस तोफांच्या सलामीत निघालेली पहिली आगगाडी ठाण्याला जाताना याच बाजूने गेली. येथे तिला थांबायला स्टेशन नव्हते. पुढे मुंबई महापालिकेची हद्द 1950 आणि 1957 मध्ये उत्तरेकडे सरकत मुलुंडपर्यंत गेली. (जाता जाता: नाशिकला, वसईला, मीरेला रेल्वेने ‘रोड’ दिला, आपल्या कांजूरला मात्र ‘मार्ग’ मिळाला, आणि येथे भाषांतराने काही बिघडवले नाही.) ऑक्टोबर 2020 मध्ये येथल्या मिठागरांच्या पट्ट्यातली 102 एकर जमीन मेट्रोच्या कारशेडसाठी देण्याचे ठरले. केंद्र म्हणाले जमीन आमची, राज्य म्हणाले आमची. डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने कामाला स्थगिती दिली, आणि 2022 मध्ये राज्यात सरकार बदलल्यावर ते कारशेड पुन्हा आरेकडे गेले. त्या वादाच्या गुणदोषांत आम्हांस शिरायचे नाही. पण त्या निमित्ताने भाषेकडे पाहण्याची सवय लागायला हरकत नाही.

कारण आजच्या इंग्रजी वृत्तपत्रांत ‘क्वायटली’ या शब्दाने एक नवीनच धंदा आरंभला आहे. अमुक खात्याने अमुक आदेश ‘क्वायटली’ काढला, अमुक कंपनीने दर ‘क्वायटली’ वाढवले, असे मथळे रोज येतात. याचा अर्थ काय? पत्रकार परिषद घेतली नाही, एवढाच? की लोकांपासून लपवले? वाचकाने दुसरा अर्थ घ्यावा अशी लेखकाची इच्छा असते, आणि कोणी जाब विचारला तर पहिला अर्थ दाखवायला मोकळीक असते. आरोप करायचा आणि केला नाही असेही म्हणायचे, यासाठी इतके सोयीचे क्रियाविशेषण दुसरे नसेल. मराठी वार्ताहराला ही चैन परवडत नाही. ‘गाजावाजा न करता’ लिहिले तर ती स्तुती होते, ‘गुपचूप’ लिहिले तर आरोप होतो, आणि आरोप केला की पुरावा द्यावा लागतो. त्याला त्या क्षणी ठरवावे लागते की आपल्याला नक्की काय माहीत आहे. या अडचणीतून सुटण्यासाठी तो ‘शांतपणे आदेश काढला’ असे लिहितो, आणि वाचकाच्या डोळ्यांपुढे डोळे मिटून पद्मासनात बसलेला एक सचिव उभा राहतो.

1960 मध्ये राज्याचे भाषा संचालनालय स्थापन झाले, 1964 च्या अधिनियमाने मराठी ही राज्याची राजभाषा ठरली, आणि पदनामांचे व परिभाषेचे कोश निघाले. त्यांत नामांची सोय पुष्कळ झाली: अभियंता, सचिव, निविदा. यांची थट्टा करण्याची एक पद्धत पडली आहे, ती आम्हांस पसंत नाही. नव्या पदार्थाला नवे नाव लागतेच. क्रियाविशेषणे मात्र समित्यांना सापडत नाहीत. ती घरात, गाडीत, बाजारात राहतात, आणि वापरात असतील तितकेच दिवस राहतात. दाते आणि कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश 1932 ते 1938 या काळात सात विभागांत निघाला. तो चाळताना आवाज न करण्याचे कितीतरी शब्द असे भेटतात की जे आजच्या पंचविशीतल्या मुलाने ऐकलेलेही नसतील. ‘गुमान’ शहरात थट्टेपुरता उरला आहे. ‘बेमालूम’ला नकली नोटांच्या आणि खोट्या सह्यांच्या बातम्यांत तेवढे काम मिळते, रफूवाले गेले, त्यांच्याबरोबर त्याचा चांगला अर्थही गेला.

सर्वांत चमत्कारिक फेरा ‘बिनबोभाट’च्या वाट्याला आला. एखादे लग्न, एखादी वाटणी, एखादा जुना तंटा बिनबोभाट पार पडला की वडीलधारी माणसे समाधानाने निःश्वास टाकीत. भावाभावांनी शेत वाटून घेतले आणि शेजाऱ्याला आवाज आला नाही, ही केवढी अब्रूची गोष्ट! तोच शब्द आज वर्तमानपत्रात कोठे दिसतो ते पाहा. अमुक वस्तीत मटक्याचा धंदा बिनबोभाट सुरू आहे. खाडीतून रेतीचा उपसा बिनबोभाट चालू आहे. कांदळवनावर भराव बिनबोभाट पडत आहे. येथे धंदा करणारा मुळीच गप्प नाही; त्याची यंत्रे रात्रभर घरघरत असतात, डंपर दिवसाढवळ्या जातात. आवाज न करणारे ते बाकीचे सगळे, ज्यांच्या खिडकीखालून ते डंपर जातात.